स्पिरिटवरची गाडी

यमुना गेली तेव्हा पोरानं चौकात फ्लेक्स लावला. फोटो चांगला निवडला होता. खाली लिहिलं होतं, प्रेमळ, कष्टाळू, आदर्श गृहिणी. मी पोराला म्हणालो, ते गृहिणी काढ, तिथं मिस्त्री लिही. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणाला, दादा, बाया कुठं मिस्त्री असतात का. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं होतं मी, आणि मी तीस वर्षं तोंड शिवून बसलो. भेटायला आलेली माणसंही तेच म्हणायची, बिचारी कधी चकार शब्द बोलली नाही. मला वाटायचं एकेकाला धरून उठवावं आणि बाहेर काढावं. बोलली नाही म्हणजे तिच्याकडे बोलायला काही नव्हतं असं थोडंच आहे. कुणामुळे बोलली नाही ते विचारा ना. म्हणून हे प्रकरण लिहितोय. शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखन जसं आहे तसं आहे. ज्याला नको असेल त्यानं पान उलटावं.

आमचं गाव करंजी घाटाच्या खालच्या अंगाला. पाऊस नावाला. दिवाळी झाली की वस्तीसमोर ट्रक लागायचे आणि अर्धी वस्ती ऊस तोडायला कारखान्यावर निघून जायची. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री. आमचं लग्न झालं त्या वर्षी मी आणि यमुना दोघं गेलो होतो, आणि परत आल्यावर मी शपथ घेतली की पुन्हा जाणार नाही. त्याआधी मी नगरला एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं गाड्यांचं काम शिकलो होतो. मग घरासमोरच्या लिंबाखाली पत्र्याचा आडोसा केला, जमिनीत खड्डा खणला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या जीपा, स्कूटरी, मोटारी बघायला लागलो. पण एक भानगड होती. उस्तादाकडे जायच्या आधी मी खडी क्रशरवर दोन वर्षं काढली होती. त्या क्रशरनं माझा उजवा कान पुरता खाल्ला होता आणि डाव्यातलाही बारीक आवाज नेला होता. माणूस बोललेलं कळायचं. इंजिनातली बारीक कुरबूर कळायची नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?

यमुनाला ते पहिल्या महिन्यातच कळलं. तेव्हापासून ती माझ्या डाव्या बाजूला बसून बोलायला लागली. तिचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. पेट्या दुरुस्तही करायचे. चार तालुक्यांतल्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. मुलगा दारूत गेलेला, म्हणून वडिलांनी लेकीला शेजारी बसवलं. ते पितळी पट्ट्या घासायचे आणि ती डोळे मिटून सांगायची, चढी, उतरी, जुळली. दहा-बारा वर्षांची पोर असल्यापासून हे काम. आमच्या घरात पेटी नव्हती. चूल होती, जातं होतं, दारात कोंबड्या होत्या. सकाळी ती बाजरी दळायची तेव्हा जात्याच्या घरघरीवरून सांगायची, आज खुंटा ढिला झालाय. मी हसायचो. तव्यावर भाकरी पडली की फुगायच्या आधी जो बारीक आवाज येतो, तो ऐकून ती बाहेरूनच मला ओरडायची, उलटा ती भाकर, जळतीय. मला तो आवाज कधी आलाच नाही. आजही भाकरी मी टाकतो ती एका बाजूनं करपते.

आता गाडीकडे येतो. आमच्या भागात आप्पासाहेब म्हणून रस्त्यांचे ठेकेदार होते. त्यांच्याकडे उघड्या टपाची एक जुनी विलायती गाडी होती. गाडीचं नाव लिहीत नाही, दोष गाडीचा नव्हता. वडिलांच्या वेळची, तिला एकच कारबोरेटर. पण आप्पासाहेबांनी पुण्यात कुणाची तरी तसलीच गाडी पाहिली, तिला दोन. झालं. मुंबईच्या भंगारातून दोन कारबोरेटरची जोडी आणली, इंजिनाचं हेड घासून घेतलं, म्हणजे ताकद वाढते म्हणून. घासणाऱ्यानं जरा जास्तच घासलं. मग गाडी नीट चालेना, तेव्हा ती माझ्या लिंबाखाली आली. त्याला कारण त्यांचे नवे व्याही. साखरपुड्यात चार माणसांत व्याही म्हणाले होते, तुमची गाडी वरातीपुरती, चढ दाखवला की बसते. आप्पासाहेबांना ते फार लागलं. दिवाळीनंतर व्याही मुक्कामाला येणार होते, आणि परत जाताना आप्पासाहेब स्वतः त्यांना याच गाडीतून करंजी घाट चढवून नगरला सोडणार होते. मला म्हणाले, "किसन, घाटात गाडी थांबली न्हाई, तर फाट्यावरचा कोपऱ्यातला गाळा तुझा. शटरचा. आन् थांबली, तर पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई."

शटरचा गाळा म्हणजे काय ते आत्ताच्या पोरांना कळायचं नाही. गाळा असला तर मी मिस्त्री. नसला तर मुकादमाचा ट्रक उभाच होता. त्या वर्षी पाऊस इतका कमी की लिंबाखाली आठवड्यात एक गाडी यायची. गाळा किंवा कोयता, दोन्हीतलं एक. यमुनाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पहिल्या हंगामात उसाच्या पाचटानं तिचे हात इतके कापले होते की भाकरी थापताना ती पिठात तेल घालायची.

आठ दिवस गाडी आमच्याकडे होती. आप्पासाहेब रोज यायचे. गाडीतच बसून राहायचे. यमुना चहा ठेवू का विचारायची, ते म्हणायचे, नको, पोट बिघडलंय. आठ दिवस एका माणसाचं पोट बिघडलेलं राहत नाही. आठव्या दिवशी त्यांनीच शेजारच्या गावातल्या हॉटेलातून आपल्या बबन ड्रायव्हरकडून चहा मागवला आणि आमच्या दारात बसून प्यायले. हे लिहिताना माझं डोकं अजून तापतं. तेव्हा तापलं नव्हतं. तेव्हा मला गाळा दिसत होता.

दोन कारबोरेटरचं गणित असं. चार सिलिंडर, दोन-दोनाला एकेक कारबोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन एका लयीत चालतं. एकानं जास्त ओढली की लंगडतं. उस्तादानं शिकवलं होतं, रबरी नळीचं एक टोक कारबोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात, फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची ऐकायची आणि दोन्ही सारख्या करायच्या. मी दोन दिवस नळी कानात घालून बसलो. मला दोन्हीकडं सारखंच ऐकू यायचं, म्हणजे काहीच नाही. तिसऱ्या दिवशी यमुना भांडी घासता घासता उठून आली.

"अहो, ही गाडी दोन नाकांनी श्वास घेती व्हय?"

"व्हय. का?"

"एक नाक चोंदलंय तिचं."

"कोन्तं?"

"तुमच्या बाजूचं."

मी चिडलो. मग इकडंतिकडं बघितलं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि नळी तिच्या हातात दिली. तिनं ती कापून दोन केल्या. एक या कारबोरेटरला, एक त्या, आणि दोन्ही टोकं एकाच वेळी दोन कानांत, डॉक्टर घालतो तशी. उस्तादाला हे कधी सुचलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, ओल्या हातावरची राख तशीच. "फिरवा. आनखी. थांबा, लई झालं. मागं घ्या. जरा. हां... आता लाट गेली."

"कसली लाट?"

"पेटीतले दोन सूर जुळत नसले की मधी लाट येती. वांव वांव करती. इथंबी तसंच हुतं."

आणि इंजिन असं चाललं की बोनेटवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी हललं नाही. संध्याकाळी आप्पासाहेब आले, ऐकलं, म्हणाले, "वा रे किसन! कान हाय तुझा." मी म्हणालो, जी. यमुना तेव्हा चुलीपाशी होती आणि गालात हसत होती. तिला मजा वाटत होती. इतकी मजा की दुसऱ्या दिवशी तिनं अंबाडीची भाजी केली, लसणाची फोडणी घालून, कुठला सण नसताना. त्या आठ दिवसांत ती जितकी बोलली तितकी पुढं कधी बोलली नाही.

राहिला पेट्रोलचा प्रश्न. हेड जास्त घासलं की पेट्रोलवर दाब जास्त येतो आणि साधं पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं. मग चढावर इंजिन ठोके मारायला लागतं, डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं. हा आवाज मात्र मलाही ऐकू यायचा. असंच रेटलं तर पिस्टन फुटतो. ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं तर ठोके थांबतात, पण ताकद जाते आणि गाडी घाटात पहिल्या गिअरवर रांगते. चांगल्या प्रतीचं पेट्रोल त्या वेळी आमच्याकडं मिळत नव्हतं. जे मिळायचं त्यात रॉकेल किती ते पंपवाल्यालाच माहीत. मी नगरला उस्तादाकडे जाऊन आलो. ते म्हणाले, स्पिरिट घाल. मळीपासून कारखाने काढतात ते. चार भाग पेट्रोल, एक भाग स्पिरिट, ठोके बंद. जेट, म्हणजे कारबोरेटरातली पेट्रोलची भोकं, मात्र थोडे उघडावे लागतील, स्पिरिट जास्त प्यावं लागतं. आणि एक ध्यानात ठेव, त्याला पाणी लागू देऊ नको. पाणी लागलं की ते पेट्रोलला सोडतं.

आप्पासाहेबांना स्पिरिट मिळवणं म्हणजे काय मोठं. दुसऱ्या दिवशी बबन दोन कॅन घेऊन हजर. त्याचा वास वस्तीभर सुटला. शेजारचा पांडूतात्या काठी टेकत आला.

"किसन, निस्ता वास घिऊ दे रं."

"वासानं पोट भरत न्हाई तात्या."

"पोट कुनाला भरायचंय?"

यमुनानं त्याला हाकललं आणि कॅनवर बसून राहिली, दुपारभर, तिथंच निवडणं-टिपणं करत. मिश्रण केलं, जेट उघडले, तिनं पुन्हा दोन्ही नळ्या घातल्या, आणि आम्ही गाडी घाटाच्या निम्म्यापर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या गिअरवर, एक ठोका नाही. आप्पासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच खाली घेतला. पण खूश होते.

व्याह्यांना न्यायच्या आदल्या दिवशी टाकी भरायला बबननं नवा कॅन आणला. तो आप्पासाहेबांचा सख्खा भाचा. मी कॅनचं तोंड उघडलं, वास आला, ओतलं. बस. तिथं चुकलो. स्टोव्हचा बर्नर साफ करायला म्हणून यमुनानं टाकीतलं थोडं मिश्रण औषधाच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवलं होतं. सकाळी थंडी पडली होती. ती बाटली हातात घेऊन आली.

"अहो, हे बघा जरा."

"नंतर."

"नंतर न्हाई, आत्ता बघा. खाली निराळं बसलंय."

बघितलं. बाटलीत मधोमध रेघ. वर पेट्रोल, खाली दुसरंच काहीतरी, पाण्यासारखं. म्हणजे कॅनमधलं कुणीतरी पिऊन तेवढंच पाणी घातलं होतं, दुधात घालतात तसं. कुणी ते सांगायला नको. रस्त्यावर आप्पासाहेबांच्या जीपचा हॉर्न ऐकू येत होता.

"टाकीतबी असंच असंल," ती म्हणाली. "खाली सोडा सगळं. निस्तं पेट्रोल घाला."

"निस्त्या पेट्रोलवर घाटात ठोकंल."

"ठोकू द्या. ठोकत ठोकत वर तरी जाईल. ह्यानं बंदच पडंल."

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण लपवायचं नाही असं ठरवून बसलोय. मी म्हणालो, "तुला पेटी कळती तेवढी वाजव. गाडीत नाक खुपसू नको." आठ दिवस तिचंच नाक आणि तिचाच कान वापरला आणि नवव्या दिवशी हे. का, तर टाकी सोडायची म्हणजे आप्पासाहेबांपुढं कॅन खराब होता म्हणायचं, म्हणजे त्यांच्या भाच्याचं नाव घ्यायचं, व्याह्यासमोर. माझी हिंमत झाली नाही. सुरुवातीला सपाट रस्ता आहे, वर जाईपर्यंत हिंदकळून मिसळेल, अशी मी माझीच समजूत घातली.

तरी तिला बरोबर घेतलंच. नगरात सावेडीला तिची बहीण राहते, तिला सोडायचंय, असं सांगून मागच्या जीपमध्ये बसवलं, कॅनांच्या शेजारी. खरं कारण हे की इंजिन तापल्यावर कारबोरेटर पुन्हा जुळवायची वेळ आली असती तर? नळ्या तिच्या पिशवीत होत्या. म्हणजे बघा, तिच्यावर माझा किती विश्वास होता.

पुढच्या गाडीत आप्पासाहेब चालवायला, शेजारी व्याही, मागं मी. पायथ्यापर्यंत गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. व्याही गप्प झाले होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग चढ उभा झाला, गाडी मागं कलली आणि टाकीच्या तळातलं सगळं मागं गोळा झालं. पेट्रोलची नळी मागच्याच बाजूला. तिसऱ्या वळणावर इंजिनाला ठसका लागला, दोनदा फटफट वाजलं, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बसली. मागं आमची जीप, जीपमागं एसटी, तिच्या मागं उसाची रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली. एसटीतली माणसं खिडक्यांतून माना काढून बघायला लागली.

व्याही म्हणाले, "काय आप्पासाहेब, वरातीपुरतीच ना?"

आप्पासाहेबांचं तोंड काळंठिक्कर. खाली उतरले. मी बोनेट उघडलं, कारबोरेटरची वाटी सोडली, बोट घातलं. पेट्रोल नव्हतंच, खालचं पाणचट होतं. वर बघितलं तर जीपमधून उतरलेला बबन दुसरीकडं तोंड करून उभा. आणि यमुना. जीपला टेकून, दहा पावलांवर, पिशवी पोटाशी धरून.

"काय झालं रे किसन?"

मी लगेच बोललो नाही. डोक्यात सगळं फिरलं. खरं सांगावं तर भाचा चोर ठरतो आणि आप्पासाहेबांची व्याह्यापुढं आणखी शोभा. आणि ते विचारणार, तू टाकी तपासली का नाहीस? मग गाळा गेला. मला माणूस हवा होता ज्याच्यावर ढकललं तर कुणाचं काही बिघडत नाही. असा एकच माणूस तिथं होता.

"आप्पासाहेब, घरी बाईमानसानं हात लावला. माझ्या माघारी कारबोरेटर फिरवला तिनं."

मग व्याही जोरात हसले. "अहो, फोडणी दिली का काय कारबोरेटरला!" आप्पासाहेबही हसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा काळेपणा गेला. गाडी बाद नव्हती, मिस्त्री बाद नव्हता, एका अडाणी बाईची गंमत झाली होती, आणि अशा गमतीला कुणाचीच ना नसते. एसटीचा कंडक्टर हसला, बबन सगळ्यांत जास्त हसला. मीही हसलो. त्या दिवशी मी जे केलं त्यातलं दुसरं सगळं मी कधी कधी स्वतःला समजावून सांगू शकतो, भीती होती, गरिबी होती, वय पंचविशीचं होतं. हसलो कशाला, ते आजवर समजावता आलेलं नाही.

यमुना जीपमागं गेली, नुसत्या पेट्रोलचा कॅन उचलून आणला, माझ्या पायाशी ठेवला. "हे घाला," एवढंच म्हणाली. आणि वळून घाट उतरायला लागली, पायी. मी टाकी खालून सोडली, वाट्या साफ केल्या, टायमिंग मागं घेतलं, कॅन ओतला. तिनं म्हटलं होतं तसंच झालं. पहिल्या गिअरवर, बारीक ठोकत ठोकत, गाडी वर गेली. व्याही नगरपर्यंत फोडणीचाच विनोद करत होते आणि वरातीचं विसरले होते.

म्हणून मला गाळा मिळाला. गाडी थांबली होती, तरी मिळाला. संध्याकाळी आप्पासाहेबांनी किल्ली वरूनच माझ्या ओंजळीत टाकली. म्हणाले, "मानूस कामाचा हायेस. पन बाईला गाडीपासनं लांब ठेव. लोक हसत्यात." मी जी म्हणालो.

घरी आलो तर ती भाकरी थापत होती. हुलग्याचं माडगं चुलीवर. मी किल्ली दाखवली. "गाळा मिळाला."

"बरं झालं."

"आता कोयता न्हाई."

"मुकादमाला नाव सांगून आले."

"कुनाचं?"

"माझं. चुलतभावाच्या टोळीत. अर्धा कोयता." जोडप्याचा पूर्ण, एकट्या माणसाचा अर्धा, असं म्हणतात. एकटी बाई सहसा जात नाही.

"येडी हायेस का? गाळा मिळाला ना आपल्याला!"

"तुमाला मिळाला. माझा हात लागला तर बंद पडंल."

मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "यमुने, तोंडातनं निघून गेलं गं."

तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली. "निघून न्हाई गेलं. त्यांनी इचारलं, तुमी थांबला. माझ्याकडं बघितलं. बबनकडं बघितलं. मग बोल्ला. मी ऐकत हुते."

नंतर तिनं मला वाढलं. तिच्या वागण्यात काही कमीजास्त नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मी ओरडलो, ताट सरकवलं, तिच्या बापाचं नाव काढलं. तिनं ताट उचलून झाकून ठेवलं.

पुढं तीस वर्षांनी, शेवटच्या आजारात दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई तिच्या छातीला नळी लावायची, डोळे मिटून ऐकायची. यमुना तिच्याकडे टक लावून बघत राहायची. एकदा तिनं विचारलं, काय ऐकू येतं ओ ताई? डॉक्टरीण म्हणाली, झोपा आजी, तुम्हाला नाही कळायचं. मी तिथंच होतो. त्या पोरीवर ओरडावं असं वाटलं. पण हे वाक्य तिच्या आधी मीच म्हणून बसलो होतो, तर कोणत्या तोंडानं ओरडायचं?

घाटातल्या त्या प्रकारानंतर चौथ्या दिवशी सकाळी ट्रक लागला. भांडी, कोंबड्यांच्या पाट्या, पाणी तापवायचे डबे, लेकरं, म्हाताऱ्या, सगळं वर चढलं. यमुना मागच्या फळीला धरून उभी. ट्रक चालूच होता. मी खाली उभा, खिशात किल्ली. तेवढ्यात तिनं मान तिरकी केली, आणि वरूनच ड्रायव्हरला हाक मारली.

"ड्रायव्हरदादा, गाडी हवा ओढतीय कुठंतरी. डिझेलच्या नळीत. इंजान वरखाली हुतंय बघा."

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हसला. "मिस्त्रीन हायेस व्हय गं बाई?"

"न्हाई," ती म्हणाली. "माझा नवरा मिस्त्री हाय. त्यो खाली उभा हाय त्याला इचारा."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. ट्रकवरची सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली. मी पुढं जाऊन बोनेटला डावा कान लावला. मला नुसती घरघर आली. ती सांगत होती ते खरं होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. नळीचा ढिला बोल्ट कुठला ते तिला विचारायला पाहिजे होतं, तिला खाली उतरवून बोनेटपाशी उभं करायला पाहिजे होतं. पान्याचा एक वेढा, दोन मिनिटांचं काम. पण चाळीस माणसं बघत होती आणि मी आता गाळ्याचा मिस्त्री होतो.

"काय न्हाई," मी म्हणालो. "ठीक हाय. जाऊ द्या."

यमुनानं मान सरळ केली. ट्रक गेला.

मी फाट्यावर जाऊन शटर उघडलं. जमीन झाडली, पाणी मारलं, हत्यारं मांडली. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं, नगरकडून आलेला एक स्कूटरवाला. घाम पुसत म्हणाला, वर घाटमाथ्याच्या पुढं माळावर ऊसतोडीवाल्यांचा एक ट्रक बंद पडलाय, इंजिन धरंना, सकाळपासनं लेकरंबाळं घेऊन उन्हात बसलीत बिचारी, तिथं झाड नाही की पाणी नाही, कुणी मिस्त्री भेटतो का बघत होते.

मी त्याला म्हणालो, बसा. तुमचा प्लग काढून बघतो.